तुरुंगातला राजपुत्र

गोपाळ गणेश आगरकर यांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, आणि पुढे गणपतराव जोशी यांनी त्यातील चंद्रसेन गाजविला. मराठी रसिकांच्या मनात हॅम्लेट ठसला तो विकारांच्या वावटळीत सापडलेला राजपुत्र म्हणून. हेच नाटक रशियात मात्र राज्यकर्त्यांच्या मर्जीबाहेरचे ठरले. ग्रिगोरी कोझिन्त्सेव यांच्या १९६४ च्या चित्रपटामागे हा इतिहास उभा आहे.

शंका घेणारा नायक स्टालिनच्या अमदानीस मानवणारा नव्हता. बोरिस पास्तरनाक यांचे रशियन भाषांतर मॉस्को आर्ट थिएटरने तालमीस घेतले. परंतु तो प्रयोग लोकांपुढे कधीच आला नाही. १९५३ साली स्टालिन वारला, आणि पुढच्याच वर्षी कोझिन्त्सेव यांनी लेनिनग्राडच्या रंगभूमीवर हॅम्लेट उभा केला. चित्रपट निघावयास आणखी दहा वर्षे लागली. दरम्यान १९५८ साली पास्तरनाक यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, सरकारी रोषापायी ते नाकारावे लागले, आणि १९६० साली ते निवर्तले. आपले शब्द या पडद्यावर ऐकणे त्यांच्या नशिबी नव्हते.

लॉरेन्स ऑलिव्हिए यांनी १९४८ च्या आपल्या चित्रपटात फोर्टिन्ब्रास आणि त्याच्याबरोबर राजकारणाचा मोठा भाग गाळला होता; त्यांचा हॅम्लेट स्वतःच्याच मनात कोंडला गेला होता. कोझिन्त्सेव यांनी त्याला राज्यात कोंडले. प्रारंभीच राजपुत्र घोड्यावरून गडात शिरतो आणि पाठीमागे पूल उचलला जातो. डेन्मार्क हा तुरुंग आहे, हे मग निराळे सांगावे लागत नाही. या गडात सर्वत्र पहारा आहे, भिंतींना कान आहेत. शोकाच्या वेषासाठी ऑफेलियाच्या कोवळ्या देहावर लोखंडी सांगाडा आवळला जातो. ती वेडी होण्यापूर्वीच तिचे काय झाले, ते या एका दृश्याने कळते. बाहेर मात्र बाल्टिकचा मोकळा समुद्र उसळत असतो. जगावे की मरावे हा प्रश्न हॅम्लेट त्याच्याच काठी, ओठ न हलविता, मनाशी करतो. जेथे उघड बोलणे धोक्याचे, तेथे मौनच स्वगत होते.

ही माणसेही तशीच पोळलेली होती. संगीतकार शोस्ताकोविच यांनी १९३६ आणि १९४८ अशी दोनदा सरकारी निर्भर्त्सना सोसली होती. हॅम्लेट झालेले स्मोक्तुनोव्स्की महायुद्धात जर्मनांच्या कैदेतून निसटले होते. त्यांचा राजपुत्र दुबळा नाही. तो विचार करतो, आणि विचार करणे हाच त्या दरबारी अपराध आहे.

अखेरीस हॅम्लेट गडाच्या भिंतींबाहेर, खडकाला टेकून, समुद्राकडे पाहत प्राण सोडतो. शोकान्तिका टळत नाही. पण मरण्यापूर्वी तो तुरुंगाबाहेर पडलेला असतो.