पिप, पच्चैयप्पा आणि ब्लॅक टाउन

चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. लोहाराच्या घरी वाढलेला पिप एका अज्ञात दात्याच्या पैशावर ‘जंटलमन’ होतो. दाता हद्दपार झालेला कैदी निघतो, तेव्हा त्याला किळस येते. वर चढायला दुसऱ्याचा पैसा लागतो, पण तो कुणाचा हे कळू नये असे वाटते, हा या कादंबरीचा गाभा आहे.

हाच प्रश्न घेऊन आपण मद्रासला जाऊ. आजच्या जॉर्ज टाउनला तेव्हा ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. वर्ग आणि वर्ण वस्तीच्या नावातच होते. पच्चैयप्पा मुदलियार (१७५४-१७९४) यांचे वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले. नारायण पिळ्ळै या दुभाष्याने त्यांना आधार दिला. दुभाषी म्हणजे केवळ भाषांतर करणारा नव्हे, तर गोरे व्यापारी आणि स्थानिक बाजार यांच्यातला मध्यस्थ. त्याच धंद्यात पच्चैयप्पा श्रीमंत झाले. इथे दाता लपलेला नव्हता, आणि धंदाही.

त्यांच्या इच्छापत्राचा मुख्य भर मंदिरे आणि दानधर्म यांवर होता. पुढे दीर्घ कोर्टकज्जा झाला, आणि साचलेल्या रकमेतून १८४२ मध्ये शाळा निघाली. नंतर पच्चैयप्पा हॉल उभा राहिला, तोही अथेन्समधल्या ग्रीक मंदिराच्या धर्तीवर! पैसा हाती येताच पिप आधी शिंप्याकडे धावतो, त्याची इथे आठवण होते.

पण एक फरक नीट पाहा. पिपचा दाता एका मुलाला वर काढतो. इथे मेलेल्या माणसाचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवत राहिला. तरी सगळ्यांना नाही. पच्चैयप्पा कॉलेजचे दार १९४७ पर्यंत फक्त हिंदूंसाठी उघडे होते. ब्लॅक टाउनमधल्या मुसलमान आणि ख्रिस्ती मुलांनी त्याच वाटेने वर चढण्याची आशा कशी धरावी?

शिवाय आता दात्याच्या जागी परीक्षा आली होती. श्रीनिवास रामानुजन १९०६ मध्ये याच कॉलेजात आला. गणितात असामान्य, पण इतर विषयांत कमी पडला आणि एफ.ए. झाला नाही. पदवीविना त्याला १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये जागा मिळाली ती कारकुनाची, महिना तीस रुपयांची.