तुमच्या मंडळात किती मिलिमीटर पडला? सरकारी आकड्यावर गावाचं काय काय ठरतं, ते समजून घ्या

पाऊस पडून गेला की पारावर एकच चर्चा असते, "आपल्याकडं लई झाला, खालच्या शिवारात तर वावरं फुटली." पण मदतीची यादी निघते तेव्हा पारावरचा पाऊस कुणी विचारत नाही. विचारला जातो तो मंडळाच्या पर्जन्यमापकात पडलेला पाऊस. सरकारी माहिती म्हटलं की आपण म्हणतो, ते साहेबलोकांचं काम. प्रत्यक्षात त्या माहितीवर आपल्या घरातले हजारो रुपये ठरतात. म्हणून हा लेख जरा सविस्तर देत आहोत. मोबाईलवर जपून ठेवा, हंगामात उपयोगी पडेल.

आधी पावसाचं बघू. गावं मिळून महसूल मंडळ आणि मंडळं मिळून तालुका होतो. राज्यात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळं आहेत. 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली गेली. पाऊस मोजतात तो सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. एका मंडळात या २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर त्याला अतिवृष्टी धरतात. त्यानंतर पंचनामा होतो. त्यात नुकसान ३३ टक्के किंवा त्यापेक्षा जास्त निघालं तरच मदत मिळते. ही अट आधी ५० टक्के होती, २०१५ मध्ये ती ३३ वर आली. केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये असे दर आहेत. मर्यादा २ हेक्टरची, राज्य सरकार कधी कधी ती ३ हेक्टर करतं.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर साधारण ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे एकराला अडीच लाख लिटरच्या वर. एवढं पाणी काळ्या जमिनीत उभं राहिलं तर सोयाबीनचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

आता यातली गोम बघा. रात्री दोनला पाऊस सुरू झाला आणि सकाळी अकराला थांबला, असं समजा. साडेआठच्या आधी ५० मिलिमीटर आणि नंतर ४० पडला. एकूण ९० झाला, पण कागदावर दोन वेगळे दिवस, ५० आणि ४०. एकाही दिवशी ६५ ओलांडला नाही. शिवाय मंडळाचा विस्तार मोठा असतो आणि यंत्र एकाच ठिकाणी असतं. आमच्याच गावचं सांगतो. काही वर्षांमागं ओढ्याकाठची माझी आणि भावकीची वावरं मातीसकट गेली. यंत्र गावापासून ११ किलोमीटरवर, तिथं त्या दिवशी ६५ च्या आतच पाऊस नोंदला गेला. आमचं मंडळ यादीत आलं नाही. रस्त्यापलीकडचं गाव दुसऱ्या मंडळात, ते आलं. एका बांधावर दोन न्याय! तेव्हा आम्ही चिडून कार्यालयात गेलो, पण हातात कागद नव्हता. फोटो होते, त्यांवर तारीख-वेळ काही नव्हतं. परत आलो.

नुसत्या ६५ च्या आकड्यात सगळं बसत नाही हे सरकारलाही मान्य करावं लागलं. रोज थोडा थोडा पण सतत पडणारा पाऊसही पीक खातो. म्हणून २०२३ मध्ये राज्याने सततचा पाऊस ही आपत्ती धरली. त्यात सलग ५ दिवस रोज किमान १० मिलिमीटर आणि मागच्या १० वर्षांच्या सरासरीपेक्षा ५० टक्के जास्त पाऊस, असा निकष ठेवला. पण हे सगळं पुन्हा त्याच यंत्राच्या नोंदीवर.

पाऊस कमी पडला तरी तेच. २०२३ चा दुष्काळ आठवा. ऑक्टोबर अखेर राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. बाकीच्यांनी ओरड केली. मग नोव्हेंबरमध्ये मंडळाचा हिशेब लावला. जिथं सरासरीच्या ७५ टक्क्यांपेक्षा कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस होता, अशी १,०२१ मंडळं दुष्काळसदृश ठरली. त्या मंडळांना जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीज बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ अशा सवलती मिळाल्या. पण काही मंडळं नव्यानं तयार झालेली होती आणि तिथं पर्जन्यमापकच नव्हता. त्यांचा विचार नंतर वेगळा करावा लागला. म्हणजे दुष्काळ होता, पण तो मोजायला यंत्र नव्हतं.

तुमच्या मंडळाचा आकडा कुठं दिसेल? कृषी विभागाचं 'महारेन' हे संकेतस्थळ आहे, तिथं रोजचा पाऊस बघता येतो. मोठा पाऊस झाला की त्याच दिवशी ते पान उघडा, पडद्याचा फोटो काढून ठेवा. आकडा शून्य दिसत असेल किंवा यंत्र बंद वाटत असेल तर तहसील कार्यालयात आणि तालुका कृषी अधिकाऱ्याकडं लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या. दोन महिन्यांनी तक्रार केली तर तिचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट सातबारा. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. सातमध्ये जमीन कुणाची, बारामध्ये पीक कोणतं. बारामधली नोंद पूर्वी तलाठी आप्पा करायचे. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच चालतं.) १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली आणि ती नोंद आपल्याच मोबाईलवर आली. बरेच जण कंटाळा करतात. रेंज नसते, अ‍ॅप अडकतं, हे खरं आहे. मी स्वतः लिंबाच्या झाडावर चढून नोंद पाठवली आहे, हसू नका. पण नोंद नसेल तर काय होतं ते २०२३ च्या खरिपाच्या कापूस-सोयाबीन अनुदानात दिसलं. हेक्टरी ५,००० रुपये, २ हेक्टरपर्यंत. सुरुवातीला ई-पीक पाहणी केलेल्यांचीच नावं धरली. नंतर सातबाऱ्यावर पिकाची नोंद असलेल्यांसाठी अट सैल केली, पण तोवर लोकांचे हेलपाटे झाले ते झालेच. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त करता येते, ते लक्षात ठेवा. डिजिटल सही असलेला सातबारा १५ रुपयांत निघतो, सही नसलेला महाभूलेखवर फुकट बघता येतो. वर्षातून दोनदा तरी आपला सातबारा आणि आठ-अ उघडून बघावा.

तिसरी आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पीक कापणी प्रयोग. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातला विमा बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता आपण भरायचा. भरपाई ठरते ती कापणी प्रयोगात निघालेल्या उत्पन्नावर. हिशेब असा : मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ वर्षं धरून सरासरी काढतात, त्याला ७० टक्के जोखीमस्तर लावतात, ते झालं उंबरठा उत्पन्न. समजा सरासरी हेक्टरी १० क्विंटल, तर उंबरठा ७ क्विंटल. यंदा मंडळात ५.६ क्विंटल निघालं तर तूट १.४, म्हणजे उंबरठ्याच्या २० टक्के. विमा रकमेच्या २० टक्के भरपाई. ७ च्या वर निघालं तर कुणालाच काही नाही, मग तुमचं एकट्याचं वावर कोरडं का असेना.

हा प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी होणार हे गावाला माहीत पाहिजे. सरपंच आणि पोलीस पाटील यांना विचारा, कृषी सहायकाला विचारा. प्रयोगाच्या वेळी दोन-चार शेतकऱ्यांनी तिथं उभं राहावं, वजन होताना बघावं. भांडायला नव्हे, बघायला.

आणि इथं एक वाकडा प्रश्न आहे, तो लपवत नाही. विम्यासाठी आपल्याला उत्पन्नाचा आकडा कमी हवा असतो. पण हमीभाव खरेदी केंद्रावर हेक्टरी किती क्विंटल सोयाबीन घ्यायचं, ती मर्यादा जिल्ह्याच्या उत्पादकतेवर ठरते आणि ती उत्पादकता अशाच कापणी प्रयोगांतून येते. तिथं आकडा कमी असला तर आपलाच माल केंद्राबाहेर राहतो आणि व्यापारी म्हणेल त्या भावात जातो. म्हणून "आकडा खाली लिहून घ्या" असं जे गावात चालतं ते मला पटत नाही. एक रुपयात विमा होता तेव्हा सरकारी जागेवर, देवस्थानच्या जमिनीवर विमा उतरवल्याची प्रकरणं उघड झाली. त्या बदमाशीचा फटका खऱ्या शेतकऱ्याला बसला, योजनाच बदलली.

पैसेवारीचंही थोडक्यात सांगतो. पूर्वी १६ आण्यांत मोजायचे म्हणून जुनी माणसं आणेवारी म्हणतात. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबर अखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम खरीप पैसेवारी जाहीर होते. ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत धरतात. २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, जमिनीतली ओल, भूजल आणि उपग्रहाची माहिती बघतात, पैसेवारीवर पूर्वीसारखी भिस्त नाही. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. तुमच्या गावात अशी विहीर आहे का, विचारून ठेवा.

रेशनचंही मूळ आकड्यातच आहे. अन्न सुरक्षेचा राज्याचा कोटा अजून २०११ च्या जनगणनेवर, सुमारे ७ कोटी लोकांचा आहे. नंतर जन्मलेल्यांची, लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं घालताना "कोटा नाही" असं ऐकावं लागतं ते त्यामुळंच. पुढची जनगणना २०२७ ची आहे. मोजणीदार घरी आला की गावात नसलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या माणसांची माहितीही विचारून बरोबर सांगा.

आकडा कुठंच मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज १५० शब्दांच्या आत, विषय एकच. उत्तर ३० दिवसांत. मागताना "सगळी माहिती द्या" असं लिहू नका. "अमुक मंडळाची अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतची रोजच्या पावसाची नोंद" असं नेमकं लिहा. गेल्या साली आम्ही असाच अर्ज दिला. आलेल्या कागदात जुलैचे काही दिवस कोरेच होते. तो कागद लावून ग्रामसभेचा ठराव केला आहे, गावाजवळ यंत्र द्या म्हणून. अजून उत्तर आलेलं नाही. तोवर शाळेच्या गच्चीवर आम्ही साधा पर्जन्यमापक ठेवला आहे, सातवीची पोरं रोज साडेआठला बघून वहीत लिहितात. सरकार ती वही धरणार नाही, पण यंत्राशी ताडून बघायला आमच्याकडं काहीतरी आहे.