अर्भकांचा पोटशूळ आणि स्वमग्नता
इ. स. १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी अकरा बालकांची वृत्ते प्रसिद्ध करून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यांतील अनेकांना आरंभापासून आहाराच्या तक्रारी होत्या. परंतु अन्न नाकारणे म्हणजे बाह्य जगालाच दूर लोटणे, असा अर्थ त्यांनी लावला. १९४९ मध्ये तर त्यांनी मातापित्यांच्या भावशून्यतेवर बोट ठेवले.

१९५४ मध्ये मॉरिस वेसेल यांनी पोटशूळाची व्याख्या केली : निरोगी अर्भकाचे दिवसास तीन तासांहून, आठवड्यास तीन दिवसांहून आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ चालणारे रडणे. निकष रुदनाचा होता, पोटाचा नव्हे.

म्हणूनच दोहोंचा संबंध जोडताना सावधगिरी हवी. हे रुदन बहुधा काही महिन्यांत शमते. स्वमग्नता आजन्म राहते. साहचर्य आढळले तरी तेवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. या विवेकाच्या अभावी मातांनी निष्कारण दोष सोसला.