एक प्रोसेसर की दोन? दिल्लीतल्या क्रेपासून गेमच्या कॉम्प्युटरपर्यंत

रिद्धपुरात प्रोसेसरवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण गेम खेळायला सिंगल कोअर घ्यावा की ड्युअल कोअर, हा 2005 सालचा पोरांचा प्रश्न त्याआधी अठरा वर्षं दोन सरकारांमध्ये गाजला होता. आणि त्याचं उत्तर शोधणारा माणूस आपल्या वऱ्हाडातलाच.

1980च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. मागणी होती क्रे एक्स-एमपी/24 या यंत्राची. या नावातला पहिला आकडा प्रोसेसरची संख्या सांगतो, म्हणजे 24 मध्ये दोन. अण्वस्त्रं आणि क्षेपणास्त्रांसाठी वापर होईल या धास्तीनं अमेरिकेनं ते नाकारलं आणि एक्स-एमपी/14 देऊ केलं. म्हणजे एकच प्रोसेसर! तो हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत बसला.

मग 1988 साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, जन्म 1946, गाव अकोला जिल्ह्यातलं मुरंबा. क्रेसारखा एकच दांडगा प्रोसेसर बनवणं आपल्याला लवकर जमणारं नव्हतं. म्हणून रस्ता वेगळा धरला: बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर एकत्र जुंपायचे. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे टी-800 ट्रान्सप्यूटर घेतले. प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या. असे 64 जोडून 1991 मध्ये परम 8000 तयार झाला.

सेमूर क्रे यांच्या नावावर एक चिमटा सांगतात: शेत नांगरायला दोन दमदार बैल जुंपाल की 1024 कोंबड्या? आपल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. पण काम नांगरणीचं नसून दाणे टिपायचं असेल तर? तिथं कोंबड्याच जिंकतात. हवामानाचं गणित तसलंच आहे. नकाशाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा, मधूनमधून शेजाऱ्याला विचारायचं.

आता गेमकडे येऊ. घड्याळाचा वेग वाढवत नेला तर चिप तापते. ही अडचण इतकी वाढली की 2004 मध्ये इंटेलनं तेजस नावाचा येऊ घातलेला प्रोसेसरच रद्द केला. 2005 मध्ये पेंटियम डी आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन 64 एक्स-2 आले, एका चिपवर दोन कोअर. त्याच वर्षी एएमडीनं सिंगल कोअरचा एफएक्स-57 काढला, वेग 2.8 गिगाहर्ट्झ. ड्युअल कोअरमधला सगळ्यात वरचा 4800+ मात्र 2.4 वर चालायचा.

घ्यायचा कुठला? हिशेब करून बघा. 2.4 च्या एका कोअरला एखाद्या कामाला 100 सेकंद लागतात असं धरू. 2.8 चा एक कोअर ते सुमारे 86 सेकंदांत करेल. दोन कोअर असतील आणि कामातला फक्त 20 टक्के भाग वाटता येत असेल, तर 80 अधिक 10, म्हणजे 90 सेकंद. सिंगल कोअर जिंकला! पण निम्मं काम वाटता आलं तर 75 सेकंद, आणि ड्युअल कोअर पुढे. जीन अ‍ॅमडाल यांनी हा मुद्दा 1967 मध्येच मांडला होता: जे काम वाटता येत नाही, तेच शेवटी वेग ठरवतं.

त्या काळचे बहुतेक गेम एका धाग्यात लिहिलेले. गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय शत्रू पडणार कसा? म्हणून तेव्हा निव्वळ गेमसाठी सिंगल कोअर घेणारा मुळीच चुकत नव्हता. पण 2005च्या नोव्हेंबरात तीन कोअरचा एक्सबॉक्स 360 आला आणि गेम लिहिणाऱ्यांना कामं वाटायला शिकणं भागच पडलं.

याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी आठवणी गोळा केल्या. आठवणी अनेकांच्या, पण पारखायचे नागदेवाचार्य. सांगणारे कितीही वाढले तरी पारखणाऱ्याला लागणारा वेळ लागणारच.

तेव्हा मुलांनो, दुकानात कोअर मोजण्याआधी एवढंच विचारा: माझं काम किती वाटता येतं? भटकरांच्या चमूनं हाच प्रश्न नीट विचारला, म्हणून नकारातूनही वाट निघाली.