पोशीर धरणाच्या आधी तिथे काय आहे?

मंडळी, भर मे महिन्यातही आपली उल्हास नदी वाहती का असते? वर घाटमाथ्यावर मावळात टाटांचं ठोकरवाडी धरण आहे. त्याच्या पाण्यावर १९२२पासून भिवपुरीला वीज तयार होते आणि वीज झाल्यावर पाणी खाली उल्हासमध्ये येतं. बदलापूरच्या बॅरेजवरून आपण तेच पितो. म्हणजे आपल्या नळाखाली आधीच मावळातली बुडालेली शेतं आहेत.

दुसरं पाणी बारवीचं. एमआयडीसीने १९७२मध्ये धरण बांधलं, मग टप्प्याटप्प्याने उंची वाढवली. पूर्ण उंचीपर्यंत पाणी पहिल्यांदा साठलं ते २०१९ला. त्या पावसाळ्यात बातमीसाठी मी तोंडलीकडे गेलो होतो. पाणी अंगणापर्यंत आलेलं आणि माणसं अजून घरातच. उल्हासनगर-अंबरनाथमध्ये टाक्या भरल्याचा आनंद होता, तोही खोटा नव्हता म्हणा.

आता पोशीर. कर्जत तालुक्यात कुरुंगजवळ १२.३४४ टीएमसीचं धरण होणार, जून २०२५मध्ये मंत्रिमंडळाने ६३९४ कोटींची मंजुरी दिली. लाभ घेणाऱ्यांच्या यादीत आपली तिन्ही शहरं आहेत.

कागदावर अशा जागेचे दोन-तीनच प्रकार दिसतात: खाजगी, सरकारी, वन. प्रत्यक्षात सखल खाचरात भात (कर्जतच्या संशोधन केंद्राच्या भातजाती आपण सगळे ओळखतोच), उतारावरच्या वरकसात नाचणी-वरी, बांधावर साग-आंबा, आणि वर ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. त्यांचं सरपण, रानभाज्या, मोहाची फुलं, खेकडे, ओढ्यातले मासे, सगळं त्याच 'वन' नावाच्या रकान्यातून येतं. सातबारावर यातलं काहीच नाही.

खरी मेख दळी जमिनीची आहे. इंग्रजांच्या काळात कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, जंगलातले तुकडे नाचणीसाठी आदिवासींना दिले गेले. बहुतेक वेळा नाव एका नायकाचं, कसणारी घरं अनेक. पिढ्या गेल्या, नाव तेच राहिलं, पुष्कळदा तर नावच नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने अशा कसणाऱ्यांना दावा करता येतो, पण मोजणी आधी आणि दावा नंतर झाला तर तो माणूस प्रकल्पग्रस्तांच्या यादीत येतच नाही. भरपाई सातबारा बघून मिळते, नाचणी बघून नाही.

मुरबाडच्या काळू धरणाचं आठवतं ना? वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं आणि २०१२मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवलं. घाईने पाणी लवकर आलं नाही, उलट लांबलं.

मला धरण नको असं म्हणायचं नाही. माझ्या घरीही आठवड्यातून एक दिवस नळ कोरडा असतो, बायको पिंपं भरून ठेवते. पण पाणी मोजलंय तशी वहिवाटही आधी मोजा, ग्रामसभेत बसून, वाडीवर जाऊन.

पुढच्या आठवड्यात कुरुंगच्या बाजूला जातोय. कर्जत-नेरळकडच्या कुणाकडे जुन्या दळीचा कागद, पावती, पंचनामा काहीही असेल तर मेसेज करा. फोटो चालेल, फक्त तारीख नीट दिसू द्या.