आकुर्डी : परवाना, पत्रा आणि प्रतीक्षा

तुकाराममहाराजांच्या पालखीच्या मुक्कामामुळे वारकऱ्यांना परिचित असलेले पुण्याजवळचे आकुर्डी हे गाव 1960च्या दशकानंतर बजाज ऑटोच्या कारखान्यामुळे देशभर ओळखले जाऊ लागले. 1945 मध्ये बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावाने सुरू झालेली ही कंपनी आरंभी आयात केलेली दुचाकी व तीनचाकी वाहने विकत असे. 1959 मध्ये उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाल्यावर तिने इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या सहकार्याने व्हेस्पा स्कूटर भारतात बनवण्यास घेतली. परवाना म्हणजे केवळ कारखाना काढण्याची अनुमती नव्हे, तर वर्षाला किती वाहने बनवावीत याची मर्यादाही त्यातूनच ठरत असे, आणि आकुर्डीच्या उत्कर्षाचे व अडचणींचे बरेचसे मर्म या मर्यादेत सापडते.

पियाजिओशी असलेला करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव धारण केलेली चेतक बाजारात आली. तिला वेगळा सांगाडा नव्हता. दाबयंत्राखाली आकार दिलेल्या पत्र्याचे अंगच सांगाड्याचे काम करी, त्यामुळे पत्रा दाबणारे, जोडणारे आणि रंगवणारे हात येथे इंजिन जुळवणाऱ्यांइतकेच मोलाचे होते. मागणी उत्पादनाच्या कितीतरी पुढे गेल्याने नोंदणी केलेल्या ग्राहकाला अनेक वर्षे थांबावे लागे, आणि नुकतीच हाती आलेली गाडी मूळ किमतीपेक्षा अधिक दराने विकली जाई. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून 1970 मध्ये नगरपालिका झाली, त्यामागे अशाच कारखान्यांभोवती वाढलेली कामगारवस्ती होती.

1980च्या दशकात परवान्याचे बंधन सैल झाले, परदेशी सहकार्याने बनलेल्या मोटारसायकली आल्या आणि ग्राहकाची प्रतीक्षा कमी होऊ लागली. बजाजनेही कावासाकीशी हातमिळवणी केली, वाळूज व चाकण येथे नवे कारखाने उभारले आणि 2001 मध्ये पल्सर ही मोटारसायकल आणली. मोटारसायकलच्या या यशातच जुन्या चेतकचा अस्त होता. 2007 मध्ये आकुर्डीतील वाहननिर्मिती थांबली, कार्यालय व संशोधन विभाग मात्र तेथेच राहिले. स्कूटरच्या गौरवगाथेत त्या वर्षी काम सुटलेल्या कामगारांना फारच थोडी जागा मिळते, ही या इतिहासलेखनातील मोठी उणीव आहे.

जून 2022 मध्ये याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. तिचेही अंग पत्र्याचेच आहे.