तापी-गिरणेच्या पाण्यात गळ टाकताना

दसरा उलटला, तापीचे गढूळ पाणी निवळू लागले, की भुसावळपासून शिंदखेडा तालुक्यातील सुलवाड्यापर्यंत काठाकाठाने गळ टाकून बसलेली माणसे दिसू लागतात. कोणाच्या हाती बांबूची काठी असते, कोणाच्या हाती रीळ बसवलेला महागडा रॉड. ऑनलाइन खरेदीमुळे परदेशी साहित्य आता चोपडा, अमळनेरपर्यंत सहज पोहोचते. तरीही नवशिके बहुधा रिकाम्या हाताने परततात आणि शेजारी बांबूची काठी घेऊन बसलेला भोई किंवा भिल्ल समाजातील म्हातारा दोन-तीन मासे घेऊन घरी जातो. साहित्याला महत्त्व आहेच. पण कोणते साहित्य वापरायचे हे पाणी पाहून ठरते, आणि खान्देशातील पाणी वर्षातून तीनदा आपले रूप बदलते.

मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावणारी तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. चांगदेव येथे तिला पूर्णा मिळते आणि पुढे थोड्याच अंतरावर हतनूरचे धरण आहे. पूर्वी नदी म्हणजे डोह, खडकाळ धावते पाणी आणि पुन्हा डोह असा क्रम होता. हतनूर धरण आणि त्याखाली सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेज झाल्यावर वाहत्या पाण्याचा मोठा भाग साठलेला झाला. मासेही त्याप्रमाणे बदलले. आज गळाला सर्वाधिक लागणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातील. येथे ते मत्स्यबीजाच्या रूपाने आणून सोडलेले आहेत. जुन्या वहिवाटीने धावत्या पाण्यात गळ फेकणाऱ्याला धरणाच्या संथ पाण्यात त्यामुळेच यश येत नाही.

आधी परवानगी, मग काठी

धरण किंवा तलाव शासनाचा असला तरी त्यातील मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेला दिलेला असतो. संस्था स्वतःच्या पैशाने बोटुकली विकत घेऊन सोडते, वर्षभर राखण करते आणि त्यावर सभासदांची कुटुंबे चालतात. हौस म्हणून गळ टाकणाऱ्याने म्हणूनच प्रथम संस्थेच्या माणसास गाठावे, परवानगी घ्यावी आणि काही शुल्क असल्यास भरून पावती घ्यावी. रविवारी दहा-बारा जणांनी येऊन प्रत्येकी पाच-सात किलो मासा नेला, तर संस्थेच्या दृष्टीने ती चोरीच ठरते, आणि बांधावर होणारे बहुतेक तंटे याच कारणाने होतात. शिरपूर तालुक्यातील अनेर धरणाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, तसेच यावल अभयारण्य आहे. तेथे वनविभागाच्या परवानगीविना पाऊलही टाकता येत नाही. गळ टाकणे दूरच.

गळ, तंगूस आणि गाठ

गळाच्या क्रमांकाबाबत नवशिक्यांचा हमखास गोंधळ होतो. १० नंबरचा गळ लहान, ४ नंबरचा त्याहून मोठा, १ नंबरचा आणखी मोठा. आणि त्यापुढे उलट क्रम सुरू होऊन १/०, २/०, ३/० असे गळ वाढत जातात. कणकेच्या गोळीवर रोहू-मृगळासाठी ४ ते ६ नंबरचा गळ पुरतो. मोठ्या शिवड्यासाठी २/० किंवा ३/० लागतो. गळ नखावर टेकवून हलकेच ओढावा. टोक घसरले तर गळ बोथट झाला आहे, असे समजावे. बारीक कानशीने त्याला धार लावता येते.

तंगूस विकत घेताना दुकानदार जाडी सांगतो, तर वेष्टनावर वजन लिहिलेले असते. साधारणपणे ०.३० मिलिमीटरचा तंगूस सहा-सात किलोचा ताण सोसतो, तर ०.४० मिलिमीटरचा दहा किलोंच्या पुढे जातो. हे आकडे नव्या, कोरड्या आणि बिनगाठीच्या तंगुसाचे असतात. गाठ मारली की ताकद घटते, आणि कोरडी गाठ झटक्याने आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने आणखी घटते. म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करावी. गळाच्या डोळ्यातून तंगूस ओवून त्याच तंगुसाभोवती पाच-सहा वेढे द्यावेत, टोक पहिल्या फटीतून काढून परत मोठ्या फटीतून घ्यावे आणि सावकाश ओढावे. एवढी एक गाठ नीट आली तरी वर्षे निघतात. खान्देशातील ऊन हा तंगुसाचा मोठा शत्रू आहे. मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून उन्हात ठेवलेला तंगूस एका हंगामात ठिसूळ होतो. दरवर्षी तो बदलावा. रीळ बदलण्याची गरज नसते.

रिळाचा ताणनियंत्रक, ज्याला सारे ‘ड्रॅग’ म्हणतात, तो मोठा मासा सुटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. तो घट्ट आवळून ठेवला, की मासा पहिल्याच धडकेत तंगूस तोडतो. तंगूस आठ किलोचा असेल, तर दोन ते अडीच किलोच्या ओढीला रीळ तंगूस सोडू लागेल, असा ड्रॅग ठेवावा. हे हाताच्या अंदाजाने जमत नाही. भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा तंगुसाच्या टोकाला अडकवून ओढून पाहावा. तुटलेला तंगूस ही केवळ हौशी माणसाची हानी नव्हे. तोंडात गळ आणि मागे दहा हात तंगूस घेऊन पळालेला मासा झुडपात अडकून मरण्याची शक्यता असते.

ज्वारीचा चारा, कणकेची गोळी

आमिष आणि चारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे जुन्या लोकांना ठाऊक असते. चारा म्हणजे माशाला जागेवर आणण्यासाठी पाण्यात टाकलेले खाद्य; आमिष म्हणजे गळाला लावलेले. चाऱ्याचा गोळा तळाशी जाऊन फुटावा लागतो आणि आमिषाची गोळी फुटता कामा नये. ज्या गृहिणीने भाकरी आणि पोळी दोन्ही केल्या आहेत, तिला यातील मर्म सांगावे लागणार नाही. ज्वारीच्या पिठाला चिकाटी नसते, ते पाण्यात विरते. म्हणून ज्वारीचा भरडा, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांचा चारा उत्तम. गव्हाच्या कणकेला चिकाटी असते, म्हणून गोळी कणकेची. तीत भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, थोडा गूळ आणि अतिपिकलेले केळ कुस्करून घातले, की वासही येतो आणि गोळी मऊ राहते. रावेर-यावलच्या पट्ट्यात अशा केळ्यांना तोटा नाही. गोळी हाताच्या बोटाला चिकटणार नाही, पण दाबल्यावर गळाचे टोक सहज बाहेर येईल, इतपत मळावी. टोक आत रुतून बसले तर मासा गोळी खाऊन जातो आणि गळ कोरडा राहतो.

चारा जास्त टाकण्याची चूक सर्रास होते. पोट भरलेला मासा आमिषाकडे फिरकत नाही. शिवाय उरलेला चारा तळाशी कुजून पाण्यातील प्राणवायू खातो. सुरुवातीला नारळाएवढे दोन-तीन गोळे आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासाने लिंबाएवढा एकेक पुरेसा आहे.

ही विद्या नवी नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचा चारा, दोरी आणि गळ यांचे वर्णन येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाला चारा कालवून देणारे सेवक असत, हा फरक सोडला तर कृती ओळखीची वाटते.

कोण कोठे चरतो

कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. म्हणून कटल्यासाठी फ्लोटखाली तंगूस कमी सोडावा आणि मृगळासाठी शिशाचे वजन लावून गोळी तळाला बसवावी. वारा ज्या काठाकडे वाहतो, तिकडे पाण्यावरचे सूक्ष्म जीव ढकलले जातात आणि कटला त्यांच्यामागे येतो. वारा तोंडावर घेऊन बसणे कोणाला आवडत नाही, पण हतनूर किंवा गिरणा धरणावर बसायची जागा बहुधा तीच असते. हिवाळ्यात पारा दहाच्या खाली गेला, की पहाटे उठून जाण्यात अर्थ नसतो. थंड पाण्यात मासा मंदावतो आणि ऊन चढल्यावरच चरू लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने त्या मानाने चांगले.

मरळ हा वेगळ्याच स्वभावाचा मासा. तो हवेतील प्राणवायू घेण्यासाठी अधूनमधून वर येतो, त्यामुळे शेवाळाच्या कडेला उठणारा बुडबुडा त्याची जागा सांगतो. शेवाळावरून रबरी बेडूक हळूहळू ओढत आणला, की तो झेप घेतो. येथे बारीक तंगूस चालत नाही, कारण मासा लागताच झाडोऱ्यात घुसतो. मात्र पाण्यावर लालसर पिलांचा थवा फिरताना दिसला, तर तेथे गळ टाकू नये. त्या थव्याखाली आई-बाप पहारा देत असतात आणि पिलांच्या रक्षणासाठी पुढे येईल त्यावर धावून जातात. अशा वेळी मरळ पकडण्यात कसब काहीच नाही. आणि पालक गेले, की पिले इतर माशांच्या तोंडी जातात.

शेजारच्या मध्य प्रदेशात ज्याला पढिन म्हणतात, तो शिवडा रात्रीचा शिकारी आहे. त्याचे बारीक दात साधा तंगूस कातरतात, म्हणून गळाजवळ हातभर जाड तंगूस किंवा पोलादी तार लावतात. नद्यांतून त्याची संख्या घटत चालली आहे. तापीच्या खोऱ्यातील महाशीर तर आता क्वचितच कोणाला दिसतो. तो चुकून लागलाच तर हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन, पाण्यातच गळ काढून सोडावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला असेल, तर हे क्षणात होते. शिंगाळ्याला मात्र असा हात लावू नये. त्याच्या पाठीवरचा आणि परांचे काटे करवतीसारखे असतात.

डोहातील मासा

एप्रिलपासून पांझरा, बोरी, गिरणा या नद्या बहुतांश कोरड्या पडतात. मैलभर वाळू आणि मध्येच एखादा डोह असे दृश्य असते. आवर्तन सुटले तर काही दिवस पाणी खेळते, नंतर पुन्हा डोहच. त्या डोहात दूरदूरचा मासा एकवटलेला असतो. पाणी तापलेले असते; २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. गळ टाकणाऱ्याला यासारखी सोपी वेळ नाही. अनुभवी माणसे नेमक्या याच वेळी काठी घरात ठेवतात. जूनमध्ये पहिला लोंढा आला, की हेच उरलेले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात आणि काठावरच्या उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी घालतात. मेमध्ये डोह उपसला गेला, तर पुढच्या पावसात त्या नदीत अंडी घालायला येणार कोण? धरणात संस्था बीज सोडते. नदीत कोणी सोडत नाही. त्यातच डोहात सुरुंग फोडण्याचे किंवा विष कालवण्याचे प्रकारही होतात; १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून हा गुन्हा आहे. जून ते ऑगस्ट हा विणीचा काळ असल्याने तेव्हाही, विशेषतः पांझरेवरील फड पद्धतीच्या जुन्या बंधाऱ्यांखाली, गळ टाकू नये. बंधारा चढू न शकलेले पोटुशी मासे तेथे गोळा होतात.

पावसाळ्यात आणखी एक धोका असतो. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. जळगावात आकाश निरभ्र असले, तरी बैतूल, मेळघाट किंवा विदर्भात पाऊस झाला, की तापी-पूर्णेला पूर येतो आणि दरवाजे उघडले जातात. नदीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. तो ऐकून खडकावरून लगेच उठावे, साहित्य गोळा करीत बसू नये. तापीच्या गाळाच्या दरडी पाणी ओसरल्यावरही खचतात, त्यामुळे कडेवर उभे राहून गळ फेकणे टाळावे. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. शेतपंपाच्या तारांखाली किंवा विजा चमकत असताना तो उभा धरणे जिवावर बेतू शकते.

उठताना तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नयेत. हिवाळ्यात हतनूरच्या जलाशयावर स्थलांतरित पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात आणि चिखलातील तंगूस त्यांच्या पायांत गुंडाळला जातो. तो वर्षानुवर्षे कुजत नाही. तुकडे गोळा करून घरी न्यावेत आणि कात्रीने बोटभर लांबीचे करून मगच कचऱ्यात टाकावेत.